लखनौचा करार आणि कर्त्याची बुद्धी

१

एखाद्याने केलेले कर्म बरे की वाईट हे ठरवताना कर्माकडे पाहावे, त्याच्या फळाकडे पाहावे, की ते करणाराच्या बुद्धीकडे पाहावे, हा नीतिशास्त्राच्या पहिल्या पाठातला प्रश्न होय. तो पहिल्या पाठातला असला, तरी शेवटच्या पाठापर्यंत सुटत नाही. किंबहुना जो तो सुटला असे समजतो, त्याच्याच हातून दुसऱ्यावर अन्याय होण्याचा संभव अधिक असतो. व्यवहारात शेजाऱ्याच्या वर्तनाचा निवाडा करताना आपण जितके उतावीळ असतो, तितकेच इतिहासातील पुरुषांचा निवाडा करतानाही असतो. फरक एवढाच, की शेजारी उलट उत्तर देऊ शकतो. इतिहासातील पुरुष देऊ शकत नाही.

मराठीत या प्रश्नाचा पद्धतशीर ऊहापोह करणारे दोन ग्रंथ थोड्याच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली आले आणि वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ साली. पहिला ग्रंथ गीतेचे भाष्य म्हणून वाचला गेला, दुसरा पाठ्यग्रंथ म्हणून. त्यामुळे दोन्हींचे नीतिविचार म्हणून जे महत्त्व आहे ते काहीसे झाकले गेले. ‘गीतारहस्या’चा पूर्वार्ध हा हिंदी भाषांतून झालेल्या नीतिशास्त्राच्या अर्वाचीन मांडणीतील एक अग्रगण्य प्रयत्न आहे, ही गोष्ट त्याचे भक्त आणि टीकाकार दोघेही पुष्कळदा विसरतात.

या दोन ग्रंथांच्या मधोमध, डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौ शहरी एक घटना घडली. ‘गीतारहस्या’चा कर्ता तीत एक प्रमुख पुरुष होता. ग्रंथात ज्याने कर्माच्या परीक्षेची कसोटी सांगितली, त्याच्याच एका मोठ्या कर्माची परीक्षा करण्याची संधी इतिहासाने आपल्याला दिली आहे. ती कसोटी या कर्माला लावून पाहावी, आणि लावताना कसोटीचे व लावणाराचेही सामर्थ्य-दौर्बल्य कसे उघड होते ते न्याहाळावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम कसोटी पाहू. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. ज्याच्यावर राजद्रोहाचा आरोप शाबीत ठरला होता, असा मनुष्य ‘कर्माची योग्यायोग्यता कशावरून ठरवावी’ हा प्रश्न एकांतात घेऊन बसला होता, हे ध्यानात ठेवूनच ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण वाचले पाहिजे. अहिंसा, सत्य, अस्तेय ही तत्त्वे सर्वमान्य खरी; पण आततायी अंगावर आला असता काय करावे, खरे बोलल्याने निरपराध्याचा प्राण जात असेल तर काय करावे, अशी प्रकरणे उभी करून टिळक दाखवतात, की नियम पाठ असणे निराळे आणि निर्णय करता येणे निराळे.

पुढे ते दोन पक्षांचा परामर्श घेतात. एक पक्ष आधिभौतिक सुखवाद्यांचा. पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात आहे ते नीतीचे, असे हा पक्ष म्हणतो. त्यावर टिळकांचा आक्षेप मार्मिक आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सेना होती आणि पांडवांकडे सात. पांडव हरले असते तर कौरवांकडील अधिकांना सुख झाले असते, तेवढ्यावरून पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरतो काय? अमेरिकेतील एका शहरातल्या ट्रामगाडीचा दाखलाही त्यांनी दिला आहे. ट्राम लवकर सुरू व्हावी म्हणून चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली. पण लोकांची सोय झाली म्हणून लाच नीतीची ठरली नाही. बाह्य परिणाम चांगला असूनही कर्म वाईट असू शकते, तेव्हा परिणामाची मोजदाद ही नीतीची शेवटची कसोटी नव्हे.

दुसरा पक्ष आधिदैवत वाद्यांचा. मनुष्याच्या अंतःकरणात बरेवाईट तत्काळ सांगणारी एक स्वतंत्र शक्ती आहे, तिचा कौल घ्यावा की काम झाले, असे हा पक्ष मानतो. या शक्तीला टिळकांनी ‘सदसद्विवेकदेवता’ म्हटले आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाराला या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. पाश्चात्त्यांची कल्पना मराठीत आणताना त्यांनी ‘देवता’ हे पद मुद्दाम योजले आणि मग त्या देवतेचे देवपण काढून घेतले. सरावलेल्या रत्नपारख्याला हिऱ्याची पारख झटकन होते, पण म्हणून त्याच्या अंगी हिऱ्यांची निराळी देवता वास करते असे कोणी म्हणत नाही, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद आहे. निवाडा करणारी बुद्धी एकच. ती शुद्ध असेल, सवयीने वळलेली असेल, तर तिचा निर्णय त्वरित व बरोबर येतो. ती मलिन असेल तर तितक्याच त्वरेने चुकीचा येतो. चोराचे अंतःकरणही त्याला कौल देतच असते. आज मराठीत ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द रूढ आहे आणि ‘देवता’ मागे पडली आहे. टिळकांच्या मताला भाषेनेच दिलेला हा एक प्रकारचा दुजोरा म्हणता येईल.

अशा रीतीने दोन्ही पक्ष बाजूस सारून टिळक तिसऱ्या स्थानी येतात. कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ. आणि ती बुद्धी शुद्ध केव्हा म्हणावी, तर जेव्हा ती सर्व भूतांच्या ठायी सम असेल तेव्हा. कान्टच्या शुद्ध संकल्पाच्या सिद्धांताशी त्यांनी याचे साम्य दाखवले आहे व भेदही दाखवला आहे. कसोटी अशी ठरली: फळ पाहू नका, आतल्या आवाजावरही विसंबू नका, बुद्धी सम आहे की नाही ते पाहा.

३

आता कर्म पाहू. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हापासून टिळक व त्यांचा पक्ष तिच्याबाहेर होता. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे त्यांनी होमरूल लीग स्थापिली. त्याच वर्षी त्यांच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला आणि ९ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. त्या प्रकरणात टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली होती. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी दोघेही लखनौस होते; एक काँग्रेसच्या मंडपात जहालांचा अग्रणी म्हणून, दुसरा मुस्लिम लीगचा अध्यक्ष म्हणून. त्या साली दोन्ही संस्थांची अधिवेशने त्याच शहरी, त्याच आठवड्यात भरली. काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी अंबिकाचरण मजुमदार होते.

टिळक लखनौस उतरले त्या वेळचा एक प्रसंग रामप्रसाद बिस्मिल यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. स्वागतमंडळाचा बेत त्यांना गाजावाजा न करता मोटारीतून नेण्याचा होता. तरुणांना मिरवणूक हवी होती. बिस्मिल तेव्हा एकोणीस वर्षांचे. ते मोटारीपुढे आडवे पडले. कोणी तरी मोटारीच्या चाकाचे रबर कापले. अखेरीस भाड्याची घोडागाडी आणून, घोडे सोडून, ती तरुणांनी स्वतः ओढली. नऊ वर्षांनी लखनौजवळच्या काकोरी येथे सरकारी खजिना लुटण्याच्या प्रकरणात हाच तरुण पुढारी होता, आणि १९२७ च्या डिसेंबरात गोरखपूरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आत्मचरित्र त्या तुरुंगातच लिहिलेले आहे. येथे या प्रसंगाचा उल्लेख करण्याचे कारण वेगळे आहे. गाडी ओढणाऱ्या तरुणांनी टिळकांविषयीचा आपला निर्णय कोणताही करारमदार वाचून केलेला नव्हता. तो आधीच झालेला होता. या गोष्टीकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

करार काय होता? १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ आधीच दिलेले होते; ते काँग्रेसने मान्य केले आणि जेथे ते नव्हते त्या पंजाब व मध्यप्रांतातही लागू करण्यास संमती दिली. उलटपक्षी, सर्वसाधारण मतदारसंघातही मत देण्याचा जो जादा हक्क मुसलमानांना होता तो लीगने सोडला. निवडून आलेल्या हिंदी सभासदांत मुसलमानांचे प्रमाण प्रांतवार ठरले: संयुक्त प्रांतात शेकडा ३०, पंजाबात ५०, बंगालात ४०, बिहारात २५, मध्यप्रांत व मद्रास येथे प्रत्येकी १५, आणि मुंबई इलाख्यात एक तृतीयांश. वरिष्ठ कायदेमंडळातही एक तृतीयांश. शिवाय एखाद्या समाजाशी संबंध असलेल्या प्रस्तावास त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल तर तो पुढे नेऊ नये, अशी अट घालण्यात आली. या आकड्यांच्या मागे लोकसंख्येचे आकडे ठेवून पाहावे. संयुक्त प्रांतात मुसलमान सातांत एक होते. त्यांना दहांत तीन जागा मिळाल्या. बंगालात ते निम्म्याहून अधिक होते. त्यांना दहांत चार मिळाल्या. म्हणजे लखनौ-अलीगढच्या मुसलमानाला जे मिळाले, त्याची किंमत काही अंशी पूर्व बंगालच्या मुसलमान शेतकऱ्याने दिली. प्रत्येक बाजूने काही घेतले आणि काही सोडले. पण घेणारे आणि सोडणारे नेहमी तेच नव्हते.

पंडित मदनमोहन मालवीय व संयुक्त प्रांतातील पुष्कळ हिंदू पुढारी या कराराला प्रतिकूल होते. टिळक अनुकूल होते, आणि त्यांचा अनुकूल होण्याने पारडे झुकले असे त्या काळचे जाणकार मानीत. मुसलमानांना फार दिले या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे होते, की स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांना दिले, केवळ रजपुतांना दिले, किंवा हिंदूंतील खालच्यात खालच्या वर्गाला दिले, तरी आपली हरकत नाही. मग भांडण घरातल्या घरात राहील. आज ते तिघांत आहे, ते दोघांत येईल. २९ डिसेंबरला काँग्रेसने व ३१ ला लीगने योजना संमत केली.

४

या कर्माविषयी पुढे दोन निर्णय दिले गेले. ते परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत, तथापि त्यांची घडण एकच आहे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला निर्णय असा: विभक्त मतदारसंघांना काँग्रेसने लखनौस संमती दिली, लीगला मुसलमानांची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, आणि तेथेच १९४७ च्या फाळणीचे बीज पेरले गेले, म्हणून करार ही चूक होती. दुसरा निर्णय असा: लखनौस हिंदू-मुसलमानांची जी एकी झाली ती पुढच्या पुढाऱ्यांनी टिकवली असती तर फाळणी झालीच नसती, म्हणून करार हे शहाणपण होते. दोन्ही निर्णयांत ‘म्हणून’च्या आधी १९४७ साल उभे आहे. दोन्ही फळाकडे पाहतात. ज्या टिळकांनी फळाची कसोटी नाकारली, त्यांचे निंदक व स्तुतिपाठक दोघेही त्यांना त्याच कसोटीवर घासतात, यातील विरोध कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

वास्तविक १९१६ आणि १९४७ यांच्या दरम्यान रस्ता अनेकदा फुटला. १९१८ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने विभक्त मतदारसंघ स्वराज्याला बाधक आहेत असे म्हणूनही, उभय पक्षांनी ते मान्य केले आहेत या सबबीवर कायम ठेवले. त्याच लखनौस ऑगस्ट १९२८ मध्ये सर्वपक्षीय परिषद भरली आणि विभक्त मतदारसंघ नाकारणाऱ्या नेहरू अहवालाचा तिने विचार केला. त्याच लखनौस ऑक्टोबर १९३७ मध्ये मुस्लिम लीगचे अधिवेशन जिनांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा एकवीस वर्षांपूर्वीच्या लखनौतील जिना आणि हे जिना यांत केवढे अंतर पडले होते हे सर्वांना दिसले. एका शहरात एकवीस वर्षांत तीन वेगळ्या वाटा दिसल्या. त्यांतील कोणतीही चालून पाहण्यापूर्वी अटळ नव्हती. पण वाट चालून झाल्यावर मागे वळून पाहणाराला एकच रेषा दिसते, आणि ती आरंभापासून तशीच आखलेली होती असे वाटू लागते.

हा केवळ इतिहासकारांचा दोष नव्हे. तो मनाचा धर्म आहे, असे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. १९७५ साली बारूख फिशहॉफ यांनी काही विद्यार्थ्यांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचावयास दिली. हे युद्ध अवधच्या सीमेलगत झाले आणि त्यासाठी कंपनीने लखनौच्या नवाबाकडूनच मोठे कर्ज काढले होते. विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गटांना युद्धाचा वेगवेगळा शेवट सांगण्यात आला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, तोच हकीकतीवरून अधिक संभवनीय दिसतो, असे त्या गटाला वाटले. पुढे १९८८ साली बॅरन आणि हर्शी यांनी दाखवले, की तीच माहिती हाती असताना वैद्याने घेतलेला तोच निर्णय, रोगी दगावला असे सांगितल्यास वाईट व वाचला असे सांगितल्यास चांगला मानला जातो. निर्णयाचा विचारीपणा आणि निर्णयाचे फळ या दोन गोष्टी आपले मन सहज वेगळ्या ठेवू शकत नाही.

ज्याँ पियाजे यांनी १९३२ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मुलांच्या नीतिनिर्णयाचा अभ्यास केला. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा पेले फुटतात. दुसऱ्याच्या हातून चोरून मुरांबा काढू पाहताना एकच पेला फुटतो. अधिक दोषी कोण? लहान मुले फुटलेले पेले मोजतात. वय वाढल्यावर ती हेतू विचारू लागतात. ‘गीतारहस्य’ ज्या पायरीवर आपल्याला नेऊ पाहते ती हीच आहे. परंतु मागाहून झालेल्या प्रयोगांचे तात्पर्य असे दिसते, की ही पायरी एकदा चढून कायमची मागे पडत नाही. राष्ट्राचा इतिहास लिहू लागलो की आपण पुन्हा पेले मोजू लागतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. जोनाथन हाइट यांनी २००१ साली असे मत मांडले, की नीतिविषयक निर्णय बहुधा आधी भावनेने होऊन जातो आणि तर्क मागाहून त्याची वकिली करतो. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि गाडीचे घोडे सोडणाऱ्या लखनौच्या तरुणांना ते लागू पडते यात शंका नाही. आणि प्रामाणिकपणे पाहिल्यास ते आपल्यालाही लागू पडते. ज्याला टिळक पूज्य आहेत त्याला करारात दूरदृष्टी दिसते. ज्याला ते नावडते आहेत त्याला तोच करार सौदा वाटतो. महाराष्ट्रात शतकभर टिळकांविषयी जे लिहिले गेले त्यातील पुष्कळ भाग हा आधी झालेल्या निर्णयाची मागाहून केलेली वकिली आहे, असे खेदाने म्हणावे लागते. सदसद्विवेकदेवतेवर टिळकांनी जो आक्षेप घेतला होता, तो हाच. सवयीने वळलेली बुद्धी त्वरित कौल देते आणि त्या त्वरेलाच आपण सत्याची खूण समजतो.

५

तेव्हा फळ बाजूला ठेवू, आवडनिवडही शक्य तितकी बाजूला ठेवू, आणि टिळकांचीच कसोटी लावू. कर्त्याची बुद्धी सम होती काय?

येथे पहिली अडचण अशी, की दुसऱ्याची बुद्धी कोणाला दिसत नाही. बाह्य आचरणावरूनच तिचे अनुमान करावे लागते; आणि ते अनुमान करताना फळ व आवड ही दोन्ही मागच्या दाराने पुन्हा आत येतात. ‘हेतू शुद्ध होता’ हे वाक्य चरित्रकाराला फार सोयीचे पडते, कारण त्याचे खंडन करता येत नाही. ज्याचे खंडन करता येत नाही त्याचे मंडनही झालेले नसते. म्हणून समबुद्धी ही केवळ अंतःकरणाची स्थिती मानली, तर इतिहासाच्या परीक्षेत तिचा काही उपयोग नाही. ती उपयोगी पडावयाची असेल तर तिचा अर्थ बाहेरून तपासता येईल असा करावा लागेल: निर्णय करताना ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार होता त्या सर्वांना कर्त्याने हिशेबात धरले होते काय?

हा प्रश्न लखनौस लावला म्हणजे चित्र स्पष्ट होऊ लागते. मुसलमानांविषयी टिळकांनी दाखवलेली समबुद्धी खरी होती, असे मानण्यास सबळ आधार आहे. ज्या पक्षाने त्यांना पुढारी मानले होते त्यातील पुष्कळांना न रुचणारी गोष्ट त्यांनी उघड मंडपात स्वीकारली. आपल्याच अनुयायांचा रोष पत्करून परपक्षाला दिलेला न्याय हा हेतूचा त्यातल्या त्यात चांगला पुरावा होय, कारण तेथे लाभाचा संशय कमी असतो. करार फसला असो वा साधला असो, या पुराव्याचे मोल त्याने बदलत नाही. ज्यांनी १९४७ दाखवून हे श्रेय हिरावून घेतले त्यांनी पेलेच मोजले.

परंतु त्याच भाषणात टिळकांनी हिंदूंतील खालच्यात खालच्या वर्गाचाही उल्लेख केला होता. त्या वर्गाला स्वराज्य दिले तरी हरकत नाही, असे ते म्हणाले होते. संमत झालेल्या योजनेत मात्र त्या वर्गाला एकही जागा नव्हती. वाक्यात तो होता, आकड्यांत नव्हता. लखनौस हिंदू व मुसलमान असे दोन पक्ष बसले आणि ‘हिंदू’ या एका शब्दाखाली अस्पृश्यांची गणती, त्यांना न विचारता, झाली. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९१७ मध्ये, कलकत्त्याच्या काँग्रेसने दलित वर्गांवरील जाचक निर्बंध दूर व्हावेत असा ठराव केला. काँग्रेस-लीग योजनेला या वर्गांचा पाठिंबा मिळावा हा त्यामागील हिशेब होता, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे. मार्च १९१८ मध्ये मुंबईस अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली. विठ्ठल रामजी शिंदे तिचे प्रवर्तक, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर त्याला आपण देव मानणार नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध भाषण टिळकांनी तेथे केले. पण वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही झाली नाही.

या दोन प्रसंगांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी विचार सम आहे आणि उच्चारही सम आहे. जेथे उच्चाराला व्यवहाराची किंमत पडते तेथे, म्हणजे जागांच्या यादीत आणि कागदावरच्या सहीत, तो थांबला आहे. मुसलमानांच्या बाबतीत टिळकांनी ती किंमत मोजली. अस्पृश्यांच्या बाबतीत मोजली नाही. याचे कारण दुष्टपणा नव्हे. मुसलमानांच्या मागे एक संघटित पक्ष, एक कुशल वकील आणि सरकारने आधीच मान्य केलेला हक्क उभा होता. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे शक्यच नव्हते. अस्पृश्यांच्या वतीने लखनौच्या वाटाघाटीत कोणी बसलेच नव्हते. जो समोर बसला आहे त्याच्याशी सम होणे अवघड खरे, पण ते साधते. जो समोर नाही, त्याची आठवण ठेवणे ही बुद्धीची खरी परीक्षा होय, आणि तेथे थोरामोठ्यांची बुद्धीही थकते. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याची गोष्ट याच जातीची आहे. त्याच्या नावाने बोलणारे समोर होते, पण तो नव्हता.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देण्यास आंबेडकर उभे राहिले तेव्हा ही उणीव बोलकी झाली. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात, एका उपोषणाच्या सावटाखाली, जागांची तीच वाटाघाट पुन्हा करावी लागली. हे परिणाम दाखवून आपण टिळकांना दोषी ठरवत आहोत असे कोणी समजू नये. तसे केल्यास आपणही फळाचेच निर्णायक होऊ. दोष असेल तर तो १९१६ सालीच, त्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून, दाखवता आला पाहिजे. आणि तो दाखवता येतो. अस्पृश्यांचा प्रश्न त्या वेळी अज्ञात नव्हता. जोतीराव फुले यांनी पुण्यातच अस्पृश्यांसाठी शाळा काढून सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता, आणि शिंद्यांनी आपली संस्था मुंबईस १९०६ मध्ये स्थापिली होती. माहिती होती, ती निर्णयाच्या वेळी हिशेबात आली नाही.

६

या परीक्षेतून निष्पन्न काय होते? इतिहासातील कर्माविषयी विचारण्याचे प्रश्न एक नसून तीन आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. काय झाले, हा पहिला. त्याचे उत्तर इतिहास देतो, पण ते नैतिक उत्तर नव्हे. कर्त्याला त्या वेळी काय ठाऊक होते व त्याने काय योजिले, हा दुसरा. येथे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आजही उत्तम गुरू आहे. निर्णयाच्या वेळी कोणाला विचारले गेले नाही, हा तिसरा. हा प्रश्न ‘गीतारहस्या’ने स्पष्टपणे विचारलेला नाही, परंतु त्याच्या समबुद्धीच्या सिद्धांतातूनच तो निघतो. सर्व भूतांच्या ठायी सम, असे म्हटल्यावर ‘सर्व’ या शब्दात कोण आले आणि कोण राहिले हे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ग्रंथाने कर्त्यावर दिलेला हा निकाल कर्त्याच्या विरुद्ध काही अंशी जातो, यात ग्रंथाचा पराभव नाही. आपल्या कर्त्याचाही न्याय करू शकते, इतके बळ ज्या विचारात आहे, तो विचार मोठाच मानला पाहिजे.

आणि एक चौथा प्रश्न आहे. तो कर्त्याविषयी नसून निर्णय देणाराविषयी आहे. निकाल लिहिण्यापूर्वी, तो माझ्या मनात आधीच झालेला होता काय, हे प्रत्येक समीक्षकाने स्वतःला विचारावे. प्रस्तुत लेखकाने हा निबंध आरंभिला तेव्हा लखनौच्या कराराविषयी त्याचे मत पूर्ण अनुकूल होते, आणि अनुकूल पुरावाच प्रथम हाती लागत गेला, हे कबूल करणे प्राप्त आहे. आकड्यांच्या यादीत जे नव्हते ते फार उशिरा दिसले. कारण जे नसते ते शोधल्यावाचून दिसत नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेने विभक्त मतदारसंघ रद्द केले आणि प्रत्येक मतदाराला एकाच यादीत आणले. लखनौचा करार अशा रीतीने कायद्यातून नाहीसा झाला. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र नाहीसा झाला नाही. दोन पक्ष जेव्हा जेव्हा एका मेजाभोवती बसून उदारपणे तडजोड करतात, तेव्हा ती तडजोड ज्यांच्या खर्चाने होते ते त्या मेजाशी असतात की नसतात, हे पाहणारा कोणी तरी दाराशी उभा असावा लागतो. समीक्षकाचे काम बहुधा तेवढेच आहे.